खांदेरीचे बेट आणि साताऱ्याची गादी

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पडणारे पाणीसुद्धा कृष्णा-कोयनेतून वाहत बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. तरीही अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम किनाऱ्यावरील मराठी आरमाराचा प्रमुख ज्या गादीचा सेवक म्हणवत असे, ती गादी साताऱ्यास होती, आणि अलिबागजवळच्या थळ गावासमोर सुमारे 5 किलोमीटर आत समुद्रात असलेल्या खांदेरी या लहानशा बेटाचा इतिहास त्या गादीचा उल्लेख टाळून सांगता येत नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत सातारा जिल्ह्यातील प्रतापगड आहे आणि खांदेरीही आहे. एकाच यादीत आलेली ही दोन नावे एकाच राज्यव्यवस्थेची दोन टोके होती.

घाटमाथ्याचा समुद्राशी असलेला संबंध मराठी राज्याहूनही फार जुना आहे. कऱ्हाडचा माल कोयनेच्या खोऱ्यातून कुंभार्ली घाटाने चिपळूणला आणि तेथून वाशिष्ठीच्या खाडीने दाभोळ बंदरात उतरत असे, तर सांगलीच्या शेजारी कोल्हापुरात, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, 1940 च्या दशकात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची काशाची छोटी मूर्ती सापडली, जी सातवाहन काळात रोमन साम्राज्याशी चाललेल्या व्यापारातून येथवर आली असे अभ्यासक मानतात. समुद्राचा देव घाट चढून कृष्णेच्या खोऱ्यात आला, यावरून घाटवाटांवरील रहदारी किती मोठी असावी याचा अंदाज बांधता येतो.

खांदेरीचे महत्त्व तिच्या जागेत आहे. मुंबई बंदराकडे दक्षिणेकडून येणारे जहाज या बेटाच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून ऑगस्ट 1679 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी तेथे तटबंदी उभारण्यास आरंभ करताच मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी, म्हणजे मुरुडजवळच्या जलदुर्गावर सत्ता गाजविणारा हबशी वंशाचा सरदार, असे दोघेही अस्वस्थ झाले. 18 ऑक्टोबर 1679 रोजी दौलतखानाच्या नेतृत्वाखालील मराठी आरमाराने इंग्रजांच्या तांड्यावर हल्ला करून ‘डव्ह’ नावाचे जहाज पकडले. ‘रिव्हेंज’ या मोठ्या युद्धनौकेने मात्र मराठी नौकांना त्या दिवशी मागे रेटले. समुद्रावरील चकमकीत इंग्रज सरस ठरले असे म्हणावे, तरी रात्रीच्या अंधारात लहान होड्यांतून बेटावर पोहोचणारे धान्य, दारूगोळा आणि माणसे त्यांना अखेरपर्यंत अडविता आली नाहीत. तट उभा राहत गेला आणि 1680 च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावल्यामुळे हाकेच्या अंतरावर दोन वैरी किल्ले समोरासमोर उभे राहिले.

या यशाचे मर्म जहाजबांधणीत होते. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, उथळ तळाची आणि नाळेवरच्या तोफांनी थेट समोर मारा करणारी युद्धनौका. गलबत म्हणजे तिच्याहून लहान, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारी वेगवान नौका. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी खिळून राही, आणि अशा वेळी गलबते वल्ही मारीत गुराबांना ओढून नेत व शत्रूच्या पिछाडीला, जेथे तोफा कमी असत, तेथे भिडत. वारा शत्रूला अनुकूल झाला, की उथळ तळाच्या या नौका खाडीत शिरत, जिथे खोल तळाच्या जहाजाला पाठलाग करणे अशक्य होई. कोळी आणि भंडारी समाजातील खलाशांना किनाऱ्याची खडान्‌खडा माहिती होती. आरमार त्यांच्या ज्ञानावर उभे होते, आणि इतिहासग्रंथांनी या खलाशांना फारच थोडी जागा दिली आहे.

कान्होजी आंग्रे यांना राजाराम महाराजांच्या काळात ‘सरखेल’, म्हणजे आरमाराचा प्रमुख, हा किताब मिळाला. 12 जानेवारी 1708 रोजी शाहू महाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला, तेव्हा कान्होजी शाहूंच्या विरोधातील ताराबाईंच्या पक्षात होते, आणि 1713 मध्ये त्यांच्यावर चालून गेलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केले. साताऱ्यावरचे हे संकट निवारण्यासाठी पेशवेपद बाळाजी विश्वनाथ यांना देण्यात आले, जे मूळचे श्रीवर्धनचे आणि म्हणून सिद्दीचा उपद्रव व कान्होजींची ताकद या दोन्ही गोष्टी जवळून जाणणारे होते. तलवार न उपसता त्यांनी 1714 मध्ये तह घडवून आणला: कान्होजींनी शाहू महाराजांचे स्वामित्व मान्य केले आणि त्यांची सरखेली व खांदेरीसह किनाऱ्यावरील किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. मराठी आरमाराच्या वैभवाची पुढची वर्षे या एका समजुतीचे फळ आहेत.

तहानंतर अवघ्या चार वर्षांनी, 1718 मध्ये, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर चढाई केली आणि ती फसली. 1721 मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर केलेला हल्लाही वाया गेला. इंग्रजी कागदपत्रे कान्होजींना चाचा म्हणतात. वास्तविक दस्तक, म्हणजे समुद्रावरून सुरक्षित जाण्याचा परवाना, घेतल्याविना कोणी जाऊ नये हा नियम पोर्तुगीजांनी त्यांच्या कितीतरी आधीपासून लागू केला होता, आणि तोच अधिकार एका मान्यताप्राप्त राज्याच्या सरखेलाने बजावला तर त्यास चाचेगिरी म्हणणे न्यायाचे नाही.

समुद्राचे राजकारण त्या काळी साताऱ्याच्या परिसरात किती खोलवर मुरले होते, हे जवळच्या धावडशी गावी दिसते. 1727 मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्राची नासधूस केल्यावर तेथील ब्रह्मेंद्रस्वामी घाट चढून धावडशीस आले आणि 1745 मध्ये तेथेच समाधिस्थ झाले. आंग्रे बंधू, पेशवे आणि छत्रपती हे सर्व त्यांचा मान राखीत, आणि कान्होजींच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलांत पेटलेल्या भाऊबंदकीचे प्रतिबिंब स्वामींच्या पत्रव्यवहारात उमटले आहे. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी तो प्रसिद्ध केला नसता, तर आरमाराच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग अंधारातच राहिला असता.

शाहू महाराजांचे 1749 मध्ये निधन झाले, सत्तेचे केंद्र पुण्यास गेले, आणि 1714 ची समजूत टिकली नाही. कान्होजींचे पुत्र तुळाजी यांना नमविण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या आणि बंदरात नांगरलेले तुळाजींचे आरमार जळून गेले. तुळाजींचे वर्तन कितीही उद्दाम असले, तरी स्वतःचे आरमार परक्याकरवी जाळून घेणे ही मराठी राज्याची अक्षम्य चूक होती.

ग्रीसमधील हायड्रा या बेटाच्या इतिहासाशी ही घटना ताडून पाहण्याजोगी आहे. नापिक, खडकाळ अशा त्या बेटावरील जहाजमालकांनी नेपोलियनच्या युद्धांत नाकेबंदी चुकवून धान्य वाहिले, धन मिळविले, आणि 1821 च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात आपली व्यापारी जहाजे युद्धनौका म्हणून उभी केली. 1827 मध्ये नव्हारिनोच्या ज्या लढाईने ग्रीसचे भवितव्य ठरले, तिच्यातील ब्रिटिश नौसेनापतीचे ‘एशिया’ हे जहाज मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेले होते. पण तेथेही नवे सरकार आणि बेटावरचे दर्यावर्दी यांचे बिनसले, आणि 1831 मध्ये हायड्राचे नौसेनापती मिआउलिस यांनी पोरोस येथे ग्रीक आरमाराचीच सर्वांत मोठी युद्धनौका स्फोटाने उडवून दिली. फरक पुढच्या वर्तनात आहे: हायड्रावर दरवर्षी जूनच्या अखेरीस मिआउलिस यांच्या स्मरणार्थ उत्सव भरतो आणि बंदरावरच्या संग्रहालयात बेटाचे जुने कागद, चित्रे व शस्त्रे जपली आहेत.

खांदेरीवर आज दोन टेकड्या, त्यांना वेढणारा तट, लोखंडी चाकांच्या गाड्यांवर अजून टिकून असलेल्या तोफा, 1867 मध्ये बांधलेले दीपगृह, कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असलेला वेताळ आणि आघात करताच धातूसारखा नाद देणारा एक खडक पाहावयास मिळतो. सातारकर व सांगलीकर प्रवाशांनी महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने उतरताना प्रतापगड पाहावा, पोलादपूर-महाडमार्गे अलिबाग गाठावे आणि पावसाळा सरल्यावर, समुद्र शांत असताना, स्थानिक कोळ्यांच्या सल्ल्याने थळहून होडी करावी. मात्र त्याआधी एक दिवस धावडशीसाठी अवश्य राखून ठेवावा, आणि बेटावर गेल्यावर तोफांवर नावे कोरू नयेत व तटाचा एकही दगड हलवू नये.