परदेशी कॅडेटची फाइल

पुण्यात वानवडीच्या एएफएमसीत, म्हणजे १९४८ साली सुरू झालेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवणं किती अवघड, हे बारावीचं मूल असलेल्या घराला सांगायला नको. नीट झाली की इंग्रजी आणि तर्कबुद्धीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. एवढं करून एमबीबीएसच्या जागा १४५, त्यात मुलींना ३०. याशिवाय पाचपर्यंत जागा मित्रदेशांनी पाठवलेल्या उमेदवारांना मिळतात. त्यांची वाट निराळी. नाव त्यांचं सरकार सुचवतं आणि ते आपल्या परराष्ट्र मंत्रालयामार्फत येतं. उमेदवार दिसायच्या आधी त्याची फाइल टेबलावर येते.

परदेशी विद्यार्थ्याची अशी फाइल तपासताना एका कचेरीत शेजारी बसून पाहायला मिळालं. गुणपत्रिका पटकन उरकली: विषय आहेत ना, भाषांतरावर शिक्का आहे ना, झालं. वेळ गेला तो नावावर. आपल्या अर्जाला आधी आडनाव हवं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईच्या नावाचा रकाना वेगळाच. समोरचा मुलगा भूतानचा. तिकडे कितीतरी लोकांना आडनावच नसतं. दोन नावं असली तरी दोन्ही स्वतःचीच, बापाशी काही संबंध नाही. रकाना रिकामा सोडला तर संगणक पुढे जाऊ देईना. मुरलेल्या कारकुनाने पासपोर्ट उघडला, ओळीखाली पट्टी धरली आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक अक्षर अर्जाशी ताडत गेला. एकदा नाही, दोनदा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मार्क छापलेलेच असतात हो. नावात एक अक्षर हललं, की डिग्री घेऊन हा घरी गेल्यावर तिकडची कौन्सिल विचारणार, हा माणूस कोण?”

एमडी-एमएसला येणारे परदेशी लष्करी अधिकारी तर आधीच डॉक्टर असतात. तिथे प्राधान्यक्रम ठरलेला: आपले सेवेतले लष्करी डॉक्टर पहिले, मित्रदेशांचे उमेदवार बरेच मागे. त्यात वावगं काही नाही.

एकदा आत आलं की शवविच्छेदनाचं टेबल सगळ्यांना सारखंच, परीक्षाही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. फरक पडतो तो शेवटी. आपल्या पोरांना सैन्यदलात सेवा करण्याचं बंधन असतं. भूतान, टांझानिया, तुर्कमेनिस्तानातून आलेली मुलं इथून पदवी घेतात. आपलं कमिशन त्यांच्यासाठी नसतं, ती आपापल्या देशात परततात.

‘आपल्या मुलांच्या जागा बाहेरच्यांना कशाला?’ असं विचारणारे पालक भेटतात. या पाच जागा १४५ मधून कापलेल्या नाहीत, त्यावरच्या आहेत. आणि शेजारच्या देशाच्या लष्करी इस्पितळात पुण्यात शिकलेला डॉक्टर असणं आपल्याला महागात पडणारं नाही. राहता राहिला आडनावाचा रकाना. तो अर्जात ऐच्छिक करून टाकायला कुठल्याही मंत्रालयाची परवानगी लागू नये.