चाल जुनी, शब्द मराठी

तरही मुशायरा तुम्हांला ठाऊक असेलच. त्यात एक मिसरा दिलेला असतो आणि प्रत्येक शायर त्याच वजनात आपली गझल बांधतो. मराठी रंगभूमीवरही असेच काहीसे घडले. तेथे मिसऱ्याऐवजी चाल दिलेली होती. ती देणारे होते कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे.

टेंबे यांचा जन्म १८८१ सालचा. पेटी, म्हणजे हार्मोनियम, हे त्यांचे वाद्य. ते परदेशातून आलेले. पण टेंबे यांचा कान मात्र जुन्या गाण्याकडे होता. शाहू महाराजांच्या पदरी तेव्हा थोर गवई अल्लादियाखाँ होते. हे खाँसाहेब मूळचे उत्तरेकडील अत्रौलीच्या घराण्यातले. त्यांच्या गाण्याने टेंबे भारावून गेले.

१९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' हे नाटक रंगभूमीवर आले. त्यापूर्वी बहुधा नाटककारच पदांच्या चाली ठरवत. साकी, दिंडी असे कीर्तनातले प्रकारही त्यांत असत. 'मानापमान'च्या चाली मात्र टेंबे यांनी दिल्या. त्यासाठी ते ठुमरी, दादरा, कजरी या उत्तरेकडील जुन्या प्रकारांकडे वळले. मूळ शब्द बाजूला ठेवायचे आणि त्याच चालीत मराठी शब्द बसवायचे, अशी ही रीत.

हे काम वाटते तितके सोपे नाही. ठुमरीत एकच शब्द निरनिराळ्या भावाने पुन्हा पुन्हा गातात. त्यासाठी शब्दात लांबवता येईल असा स्वर हवा. तुम्हीच करून पाहा. 'नाही' हा शब्द हवा तेवढा लांबवता येतो. 'युद्ध' म्हणताना मात्र जीभ अडते. मराठीत अशी जोडाक्षरे पुष्कळ! म्हणून शब्द फार जपून निवडावे लागतात.

बालगंधर्वांनी भामिनीच्या भूमिकेत ही पदे गायिली आणि ती घरोघरी पोहोचली. एक गोष्ट येथे सांगायला हवी. ठुमरी जिवंत ठेवली ती मुख्यतः कोठ्यांवरच्या गायिकांनी. समाज त्यांना मान देत नसे, पण त्यांच्या गाण्याच्या चाली नाटकात आल्या की टाळ्या वाजवी. या यशाचा निम्मा वाटा त्या गायिकांचा आहे, असे मला वाटते.

पुढे १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. त्याचे संगीत टेंबे यांचेच. राजा हरिश्चंद्रही तेच झाले. उतारवयात त्यांनी अल्लादियाखाँचे चरित्र मराठीत लिहिले. जवळच्या वाचनालयात ते मिळते का, पाहा.