मधाचें बोट

खोकल्यावर आल्याच्या रसांत मध देण्याची चाल आमच्या घरीं जुनीच; वर्षावरील मुलांचा खोकला मधानें शमतो हें डॉक्टरही मान्य करतात. परंतु नातवाच्या जातकर्मांत मध-घृत चाटविण्यास सूनबाईनें हरकत घेतली, तेव्हां आम्ही रागावलों. डॉक्टरांनीं समजाविलें तें असें: मधांत क्वचित् असणारीं जंतुबीजें वर्षाआंतील बाळाच्या आंतड्यांत रुजून विष उत्पन्न करतात; बाळ दूध ओढीनासें होतें, अंग लुळें पडतें, प्रसंगीं श्वासही अडतो. अर्भकांतील हा रोग १९७६ सालीं प्रथम ओळखला गेला. सूत्रकारांस तो कोठून ठाऊक असणार! विधि आम्ही नुसत्या तुपावर उरकला. थोरल्या नातीस मात्र मध चालूच आहे. धाप लागली तर प्रथम डॉक्टर, मग आलें.