मॉनिटरचे माप आणि लिनक्सची स्मृती

शाळेत प्रोजेक्टर आला, संगणकास जोडला गेला आणि पडद्यावरील नकाशा मात्र आडवा ताणलेला, अक्षरे धूसर, असा अनुभव लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांना पुष्कळदा येतो. एखादे जाणकार शिक्षक दोन-तीन आज्ञा देऊन चित्र सुधारतात. परंतु दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! तासाची पहिली दहा मिनिटे त्यातच जातात आणि अखेरीस दोष लिनक्सच्या किंवा प्रोजेक्टरच्या माथी मारला जाऊन चांगले यंत्र कोपऱ्यात पडते. वस्तुतः दोष बहुधा दोहोंपैकी कोणाचाच नसतो.

प्रत्येक आधुनिक मॉनिटरमध्ये स्वतःची माहिती साठविणारी एक लहानशी स्मृती असते. आपली रुंदी-उंची किती बिंदूंची, चित्र सेकंदास किती वेळा बदलता येते, याचे हे जणू ओळखपत्रच. ‘व्हेसा’ या संस्थेने १९९४ मध्ये त्याचा नमुना ठरवून दिला. त्यास ईडीआयडी म्हणतात व त्याचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटांचा असतो. संगणक ते केबलमधूनच वाचतो. जुन्या पंधरा पिनांच्या व्हीजीए केबलमध्ये १२ व १५ क्रमांकांच्या पिना यासाठी राखलेल्या असतात. स्वस्त केबलीत किंवा एकाचे दोन करणाऱ्या जोडणीत या तारा नसल्या, तर संगणकास ओळखपत्र मिळत नाही आणि तो सावधपणे १०२४ × ७६८ हे माप धरून चालतो. म्हणून पुढील सर्व खटाटोप करण्यापूर्वी केबल बदलून पाहावी, हे उत्तम. अनेकदा प्रश्न तेथेच मिटतो.

न मिटल्यास माप आपण सांगावे लागते. ‘सीव्हीटी’ या आज्ञेस १९२०, १०८० व ६० हे आकडे दिले की ती ‘मोडलाइन’ नावाची एक ओळ तयार करून देते. तीत १७३ मेगाहर्ट्झ ही बिंदूंची गती असते, तसेच दृश्य भागाबाहेरील मोकळी जागा धरून एकूण २५७६ बिंदू व ११२० ओळी असतात. या दोहोंच्या गुणाकाराने गतीस भागले की सेकंदास सुमारे ५९.९६ चित्रे, म्हणजे जवळजवळ ६०, असे उत्तर येते. १३६६ रुंदीच्या पडद्यासाठी मात्र ही आज्ञा १३६८ असे उत्तर देते. ती रुंदी आठाच्या पटीत धरते, त्यात चूक काही नाही. मग ‘एक्सरँडआर’ या आज्ञेने ती ओळ आधी नोंदवावयाची, नंतर विशिष्ट जोडणीस लावावयाची आणि शेवटी ते माप निवडावयाचे. या आज्ञा अर्थातच रोमन लिपीत लिहावयाच्या असतात.

येथेच विस्मरणाचे कारण आहे. एक्सरँडआर चालू असलेल्या ‘एक्स’ या चित्र-सेवकाशी बोलते; त्याने ऐकलेले त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते, तबकडीवर कोठेही लिहिले जात नाही. यंत्र बंद झाले की सारे पुसले जाते. तेव्हा या आज्ञा अशा जागी लिहून ठेवाव्या लागतात, जी दर प्रारंभी वाचली जाते. वापरकर्त्याच्या स्वतःच्या निर्देशिकेत ‘.एक्सप्रोफाइल’ नावाची फाइल करून तीत त्या लिहिणे हा सोपा मार्ग होय. परंतु तो त्या एकाच खात्यास लागू होतो. प्रवेशाचा पडदा जुन्याच मापाचा राहतो. अनेक शिक्षक एकच संगणक वापरीत असतील, तर व्यवस्थापकाच्या अधिकाराने ‘इटीसी’मधील एक्सच्या मांडणी-निर्देशिकेत, म्हणजे ‘झॉर्ग.कॉन्फ.डी’मध्ये, मॉनिटरचा विभाग लिहावा. त्यात जोडणीचे नाव, मोडलाइन व पसंतीचे माप एवढे पुरते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली डेबियनवर आधारलेली असल्याने डेबियनसाठीची ही रीत तेथेही बहुतांशी चालते.

अलीकडच्या अनेक लिनक्स प्रणालींत मात्र एक्सची जागा ‘वेलँड’ने घेतली आहे. तेथे एक्सरँडआरने नवे माप जोडता येत नाही आणि जुन्या पुस्तकांतील उपाय वाचून केलेला प्रयत्न फुकट जातो. अशा वेळी ‘ग्रब’ या प्रारंभक आज्ञावलीच्या फाइलीत गाभ्यासाठी ‘व्हिडिओ’ हा पर्याय लिहून तीत जोडणीचे नाव व माप द्यावे आणि ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालवावी. एक खोच येथे ध्यानात ठेवावी लागते. जी जोडणी एक्सला ‘एचडीएमआय-१’ या नावाने ठाऊक असते, तीच गाभ्यास ‘एचडीएमआय-ए-१’ म्हणून ठाऊक असते. नाव चुकले की ओळ निमूटपणे दुर्लक्षिली जाते. पुढे गनोम या मेजव्यवस्थेत ते माप एकदा निवडले की तिच्या ‘मॉनिटर्स.एक्सएमएल’ फाइलीत त्याची नोंद राहते.

पडद्यास न झेपणारे माप दिल्यास तो काळा होतो किंवा मर्यादेबाहेर असल्याची सूचना दाखवितो. घाबरण्याचे कारण नाही. कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या कळी एकत्र दाबून अक्षरांच्या पडद्यावर जावे, तेथे प्रवेश करून नवी फाइल दुसऱ्या नावाने ठेवावी व संगणक पुन्हा सुरू करावा. बदल ग्रबमध्ये केला असेल आणि अक्षरेही दिसत नसतील, तर प्रारंभीच्या यादीत ‘ई’ ही कळ दाबून तेवढा पर्याय त्या वेळेपुरता खोडता येतो. कायमचा खोडावयाचा तो नंतर, मूळ फाइलीत.