बक्षीसपत्रातली एक ओळ

मंडळी, मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली केली नाही. तरी आज कायद्यावर बोलतोय, कारण विषय वचनाचा आहे. आणि वचन म्हणजे नेमकं काय, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न.

आपल्या शिरूर-दौंड भागात म्हातारपणाची सोय कशावर असते? दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेल्यांना पेन्शन आहे, शिक्षकांना आहे. बाकीच्यांचा विमा म्हणजे सातबारा. जमीन आपल्या नावावर आहे तोवर कोणीतरी विचारील, हा साधा हिशेब. रांजणगाव, कुरकुंभला एमआयडीसी आली, जमिनीचे भाव चढले, आणि "अण्णा, आता नावावर करून टाका" हा आग्रहही वाढला. त्यात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला-मुलीला बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. इतक्या स्वस्तात माणूस आपला सगळा आधार देऊन मोकळा होतो.

"नटसम्राट"मधले अप्पासाहेब बेलवलकर आठवा. सगळं मुलांना वाटून टाकलं, आणि पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ते नाटक 1970चं. तेव्हा त्यांना दाद मागायला असा कायदाच नव्हता.

तो आला 2007 साली: आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम. त्याचं कलम 23 असं, की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. कायदा लागू होण्याआधीचे व्यवहार यात येत नाहीत. आणि सगळं अडतं ते "अटीवर" या एका शब्दापाशी.

डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या एका प्रकरणात सांगितलं, की मालमत्ता नुसती दिली एवढ्याने भागत नाही, सांभाळाची अट होती हे दिसलं पाहिजे. तिथे आईची बाजू पडली. मग 2 जानेवारी 2025चा निकाल आला, मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या आईचा. तिने मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं, आणि सोबत मुलाचं वचनपत्र होतं: सांभाळीन, नाही सांभाळलं तर परत घे. उच्च न्यायालयात ती हरली होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा. बक्षीसपत्र रद्द झालं. दोन आया, दोन निकाल. पण उदार अर्थ लावायलासुद्धा न्यायालयासमोर एक कागद होता, हे विसरू नका.

आता आपली अडचण. अट लिहायची म्हटलं की घरात लगेच, "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?" मला हा प्रश्नच उलटा वाटतो. जो वचन पाळणार आहे त्याला ते लिहून देण्यात काय जड जातं? लग्नातसुद्धा आपण साक्षीदार बोलावतोच की.

लिहायचं तर मोघम लिहू नका. "सांभाळ करील" एवढ्याने भागणार नाही. राहत्या घरात शेवटपर्यंत राहण्याचा हक्क, जेवणखाण, औषधपाणी, महिन्याची रक्कम, आणि अंथरुणाला खिळलो तर करणार कोण? हा शेवटचा प्रश्न सगळे टाळतात. कारण करणारी बहुतेक घरांत सून असते, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. कायदाही मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं यांनाच जबाबदार धरतो. म्हणजे हक्क एकाचा, राबणारी दुसरी. मुलाच्या बरोबरीने सुनेचं नाव घाला, किंवा पगारी माणूस ठेवायचा खर्च कोणी द्यायचा ते तरी ठरवा.

याहून सोपा उपाय मृत्युपत्राचा. ते मरणानंतरच लागू होतं, आणि शुद्धीवर आहोत तोवर बदलता येतं. वडिलोपार्जित जमीन असेल तर मात्र दोन्हीआधी वकिलाला विचारा. तिच्यात मुलामुलींचा जन्मापासून हक्क असतो.

सरकारी मदतीवर फार विसंबू नका. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, 5 लाखांपर्यंत उपचार. ते जरूर काढा. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर उपयोगी. घरी कूस बदलायला, अंघोळ घालायला माणूस लागतो, त्याचे पैसे त्यातून मिळत नाहीत. श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 रुपये, तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000च्या आत असेल तर.

आणि ज्यांनी बिनअटीचं बक्षीसपत्र करून टाकलंय? निर्वाहखर्च मागण्याचा हक्क त्यांचा गेलेला नाही. प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अर्ज करायचा. स्वतः करता येतो. जमत नसेल तर तुमच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते. महिना 10,000 रुपयांपर्यंत रक्कम ठरवता येते, आणि नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. मूलबाळ नसेल तर ज्या पुतण्या-भाच्याकडे तुमची मालमत्ता आहे किंवा वारसाने जाणार आहे, त्याच्याकडूनही मागता येतो. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे. नंबर लिहून घ्या, मी परत सांगतो: एक, चार, पाच, सहा, सात.