कापसातला ‘ट्रॅश’

अकोट-अमरावतीच्या कापूस बाजारात ग्रेडर ‘ट्रॅश जास्त आहे’ म्हणाला, की अनेकांना तो भेसळीचा ठपका वाटतो. तसे नाही. ट्रॅश म्हणजे वेचताना कापसात आलेले पऱ्हाटीचेच तुकडे: वाळल्या पानांचा चुरा (पत्ती), काड्या, बोंडाची टरफले. शेंगदाण्याच्या कुटात राहिलेल्या सालपटांना कोणी भेसळ म्हणत नाही, तसेच हे. सुतळी, प्लॅस्टिक, केस हा वेगळा दोष (कंटॅमिनेशन). जिनिंगच्या क्लीनरलाही तो नीट आवरत नाही, धास्ती घ्यायची तर त्याची. ‘ट्रॅश’ या इंग्रजी शब्दाचे मूळ बहुधा स्कँडिनेव्हियन, आणि तिकडच्या जुन्या शब्दाचा अर्थही गळलेली पाने-काटक्या असाच. ट्रॅश कमी हवा, तर वेचणीची वेळ पाहावी: भर दुपारी पाने कुरकुरीत होऊन कापसाला चिकटतात. म्हणून वेचणी सकाळी, दव सुकल्यावर केलेली बरी.