नाताळचे ताट : आपल्या गोव्यातले आणि जगातले

डिसेंबर उजाडला की गोव्यात एकामागून एक दिवस येत राहतात. ३ तारखेला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचे फेस्त, ८ तारखेला पणजीच्या चर्चचे फेस्त, १९ तारखेला मुक्तिदिन आणि २५ तारखेला नाताळ. आपल्या पेडण्यात याच दिवसांत जत्रा आणि दहीकाले रंगात आलेले असतात, आणि अनेक घरांत मार्गशीर्षातले गुरुवार पाळले जातात.

गेल्या वर्षी माझ्या नातीला शाळेत ‘जगातील नाताळ’ या विषयावर पाच मिनिटे बोलायचे होते. तिने बर्फ, सांताक्लॉज आणि घसरगाडी एवढे लिहून काढले होते. मी म्हटले, “बाय, कोरगावात बर्फ पडला तर आंब्याला मोहोर येईल का?” मग आम्ही दोघे बसलो आणि वाचत गेलो. तेव्हा जमवलेली माहिती आणि मला नोकरीत आलेला एक अनुभव सभासदांसाठी इथे लिहीत आहे.

नाव आणि तारीख

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. त्याचा अर्थ जन्म. आपण जसे रामनवमी किंवा गोकुळाष्टमीला जन्मोत्सव म्हणतो, तसाच हा येशूचा जन्मोत्सव. पोर्तुगिजांची सत्ता गेली तरी हा शब्द मराठीत कायमचा राहिला. आज विदर्भातला माणूसही ‘नाताळची सुट्टी’ असेच म्हणतो.

बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख दिलेली नाही. २५ डिसेंबरला हा दिवस पाळल्याची जुनी नोंद रोममधली, इ.स. ३३६ ची आहे. पण सगळे ख्रिस्ती लोक याच दिवशी नाताळ करत नाहीत. पोप ग्रेगरी यांनी १५८२ साली दिनदर्शिका सुधारली. रशिया, सर्बिया यांसारख्या देशांतल्या पूर्वेकडच्या चर्चनी सणांसाठी जुनीच दिनदर्शिका ठेवली. दोन्हींमध्ये आता १३ दिवसांचा फरक आहे, त्यामुळे त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला येतो. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो आणि उत्तर भारतात पौर्णिमेला, म्हणून त्यांचा श्रावण आपल्या आधी लागतो. तसाच हा प्रकार आहे. युक्रेनने मात्र २०२३ पासून २५ डिसेंबर ही तारीख स्वीकारली.

पेडण्यात नाताळ कमी का दिसतो

सासष्टी किंवा बार्देशात डिसेंबरमध्ये गेलो तर घरोघरी चांदण्या लटकलेल्या दिसतात. पेडण्यात हरमलला आणि पेडणे शहरात चर्च आहे, तिथल्या वाड्यांवर नाताळ चांगला साजरा होतो, पण एकूण ख्रिस्ती वस्ती कमी. याचे कारण इतिहासात आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेल्या आणि धर्मांतराचा काळ तिथे घडला. डिचोली १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांकडून त्यांच्या ताब्यात गेले. त्या वेळपर्यंत पोर्तुगिजांचे धोरण बदलले होते, आणि या नव्या काबिजादींतली देवळे व रीतिरिवाज तसेच राहिले. म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांना नाताळ प्रथम पाहायला मिळाला तो शेजाऱ्याकडे, नाहीतर नोकरीच्या गावी.

गोव्याचा नाताळ

गोव्यात नाताळच्या आधी घराच्या अंगणात किंवा खोलीत येशूजन्माचा गोठा करतात. गवत, माती, बाळ येशू, मरिया, जोसेफ, गुरे, मेंढपाळ. गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून काही घरांत आधी नाचणी पेरून तिचे कोंब वाढवतात. आपल्याकडे नवरात्रात घटापुढे धान्य रुजत घालतात त्याची आठवण होते. असा देखावा मांडण्याची चाल संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी सुरू केली असे सांगतात.

२४ तारखेच्या मध्यरात्री मोठी प्रार्थना होते. तिला पोर्तुगीजमध्ये ‘मिसा दु गालु’ म्हणजे कोंबड्याची मीसा म्हणतात. येशूचा जन्म झाला त्या रात्री कोंबडा आरवला अशी कथा आहे. पुढे ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त येते. मांडवीच्या काठावर रेइश मागुश या गावाचे नावच त्या तीन ज्ञानी राजांवरून पडले आहे. कासावलीजवळच्या टेकडीवरील कपेलात त्या दिवशी तीन मुलगे राजांचा पोशाख करून घोड्यावरून येतात.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. येशूचे चरित्र मराठी ओव्यांत सांगणारे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात, सासष्टीतल्या राशोल येथे छापले गेले. ते लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज. ते १५७९ साली गोव्यात आले आणि इथेच वारले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ आपल्या पोथ्यांच्या वळणाने रचला आहे. येशूजन्माची कथा मराठीत ऐकणारी माणसे गोव्यात चारशे वर्षांपूर्वीही होती.

ताट

गोव्याच्या नाताळात मला सर्वांत जवळची वाटते ती ‘कोन्सुआद’. घरी केलेले गोड पदार्थ ताटात मांडून, वर विणलेला रुमाल घालून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवायचे. दोदोल, दोस, नेवऱ्यो, कलकल, पिनाग, पेराद, बोलिन्ह, बात्क आणि थरावर थर भाजून केलेले बिबिंक. चवथीला हिंदू घरातून नेवऱ्यांचे ताट जाते आणि नाताळला तिकडून येते. नेवरी दोन्ही ताटांत असते, फक्त हात बदलतो.

पोर्तुगालमध्ये ‘कोन्सोआदा’ म्हणजे २४ डिसेंबरच्या रात्रीचे घरचे जेवण. तिथल्या काही भागांत त्या रात्री दिवंगतांसाठीही पानावर जागा ठेवतात. या शब्दाचे नाते सांत्वन या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी सांगतात. हे मी वाचले तेव्हा मला १९८६ साल आठवले.

त्या वेळी मी सासष्टीतल्या एका गावी बँकेच्या शाखेत होतो आणि एका ख्रिस्ती घरात खोली घेऊन राहत होतो. घरमालकीणबाईंना मी ‘माय’ म्हणत असे. दिवाळीनंतर माझे वडील वारले. दिवसकार्य आटोपून मी कामावर परतलो. तेव्हा बँकांचे वार्षिक हिशेब ३१ डिसेंबरला बंद होत, त्यामुळे डिसेंबरमध्ये रजा मिळणे कठीण. २५ तारखेची एक सुट्टी होती, तेवढ्यात आईला भेटून यायचे ठरवले.

२४ च्या संध्याकाळी माय एक डबा आणि एक वेगळी बांधलेली पुडी घेऊन आल्या. “पुता, हें तुज्या आवयक दी,” म्हणाल्या. मी संकोचलो. म्हटले, यंदा आमच्या घरात वर्षभर गोडधोड नाही, तळणही नाही. त्या म्हणाल्या, “म्हणूनच तर देते आहे. ज्या घरात कोणी गेले त्या घरात आम्हीही काही करत नाही. ते दुसऱ्यांनी करून पाठवायचे असते.” पुडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ह्यात अंडे आहे. उद्या गुरुवार, तुझी आई घेणार नाही. डब्यातल्या कशात अंडे नाही.”

त्याच वर्षी जुलैमध्ये मांडवीवरचा पूल कोसळला होता. शिवोली-चोपडे पूलही तेव्हा नव्हता. दोन बसगाड्या, दोन फेरीबोटी असे करत तो डबा मी कोरगावला आणला. आईने डबा उघडला, थोडा वेळ काही बोलली नाही. मग देवापुढे ठेवून दोसचा तुकडा तोंडात घातला. आमच्याकडेही दुखवट्याच्या वर्षी सण आला की शेजारच्या घरांतून फराळ येतो. ही रीत फक्त आपली आहे असे मला तोपर्यंत वाटत होते. दुसऱ्या दिवशी आईने डबा परत देताना त्यात परसातली केळी आणि दोन नारळ घातले. रिकामे भांडे परत द्यायचे नसते.

जगाच्या ताटात

या एका आठवणीमुळे जगातल्या नाताळाविषयी वाचताना मी प्रत्येक ठिकाणी हेच शोधत गेलो, की तिथे दुसऱ्यासाठी जागा कुठे ठेवली आहे.

पोलंडमध्ये २४ तारखेच्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर जेवण सुरू होते. टेबलावरच्या कापडाखाली थोडे गवत पसरतात, गोठ्याची आठवण म्हणून. मांसाशिवायचे १२ पदार्थ असतात. आधी एक पातळ पापुद्र्यासारखी पोळी सगळे एकमेकांच्या हातची मोडून खातात. आणि एक पान जास्त मांडतात, अचानक दारी येणाऱ्या पाहुण्यासाठी. अतिथीचे पान म्हणतो ते हेच.

मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस ‘पोसादास’ चालतात. मरिया आणि जोसेफ यांना मुक्कामाला जागा मिळाली नव्हती, तो प्रसंग लोक गावात करतात. मिरवणूक दारोदार जाऊन गाण्यातून जागा मागते, दारे नकार देतात, शेवटच्या घराचे दार उघडते आणि सगळ्यांना खाऊपिऊ मिळते.

फिलिपिन्समध्ये सप्टेंबरपासूनच नाताळची गाणी लागतात. १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटे, अंधारातच, लोक चर्चमध्ये जातात. आपल्या काकडआरतीसारखे. बांबू आणि कागदाच्या चांदण्या तिथेही घरोघर लावतात. चर्चमधून बाहेर पडल्यावर तांदळाचा एक केक खातात, त्याचे नाव ‘बिबिंका’. तो आपल्या बिबिंकासारखा थरांचा नसतो, पण जुन्या पद्धतीत दोन्हींना वरून निखाऱ्यांची धग देतात.

इथिओपियात नाताळ ७ जानेवारीला येतो. त्याआधी चाळीसहून अधिक दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. आपल्या केरळातले सिरियन ख्रिस्तीही डिसेंबरमध्ये २५ दिवसांचे व्रत करतात. सण म्हणजे नुसते खाणे नव्हे, त्याआधी न खाणेही आहे, हे आपल्या लोकांना समजावून सांगावे लागणार नाही.

जपानमध्ये ख्रिस्ती लोक शेकडा एकच्या आसपास. २५ डिसेंबरला सुट्टीही नसते. १९७४ साली केंटकी फ्राइड चिकनने तिथे मोठी जाहिरात केली आणि नाताळला तळलेली कोंबडी खाण्याची चाल पडली. लोक आठवडेच्या आठवडे आधी नाव नोंदवतात. धंद्याने केलेली रीतसुद्धा पन्नास वर्षांत घरची होऊन बसते, हे बँकवाल्याला नोंद घेण्यासारखे वाटले.

शेवटी व्यवहाराचे

आपल्या काही सभासदांना शेजारून ताट आल्यावर प्रश्न पडतो, यातले काय चालेल? नेहमीच्या पद्धतीने केलेले दोस (चण्याची डाळ, नारळ, साखर), दोदोल (तांदळाचे पीठ, नारळाचा रस, गूळ), पिनाग आणि पेराद यांत अंडे नसते. नेवऱ्यांतही नसते. बिबिंक, बोलिन्ह आणि बात्क यांत असते. कलकलांत काही जण घालतात, काही नाही. विचारावे. विचारल्याने कोणी रागावत नाही. न विचारता ताट मोलकरणीला देऊन टाकले, तर मात्र देणाऱ्याला ते कधी ना कधी कळतेच.

आता ताटे कमी झाली आहेत. बेकरीतला खोका येतो, तोही दुकानाच्या मुलाबरोबर. कित्येकदा मोबाइलवर चांदणीचे चित्र येते आणि आपण हात जोडल्याचे चित्र परत पाठवतो. वेळ कोणालाच नाही हे मला कळते. पण चित्राच्या व्यवहारात भांडे परत करायला जावे लागत नाही, आणि उंबरठ्यावरचे बोलणे होत असे ते भांडे परत करतानाच.

१९९३ मध्ये मायच्या यजमानांचे निधन झाल्याचे मला पत्राने कळले. माझी बदली तोपर्यंत दुसरीकडे झाली होती. त्या नाताळच्या आदल्या दिवशी मी आणि सौभाग्यवती नेवऱ्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. दारावर चांदणी नव्हती, गोठा नव्हता. मायनी डबा घेतला, आत गेल्या, आणि आम्ही निघालो तेव्हा तो परत दिला. घरी येऊन उघडला तर आत परसातले चार पेरू होते.

बँकेत दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय आम्हांला घरी जाता येत नसे. शेजाऱ्याच्या भांड्याचा हिशेब मात्र कधी जुळवून बंद करू नये. नातीने शाळेत हेच सांगितले, आणि तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने त्याच आठवड्यात तिला घरी बोलावले. यंदा तिच्याकडे काय घेऊन जायचे, ते ठरवायचे काम आता नातीकडेच आहे.